गुगल क्लासरूम चालवताना शिक्षकांना पडणारे नेहमीचे प्रश्न

गुगल क्लासरूम म्हणजे धडे टाकायचं आणि गृहपाठ गोळा करायचं गुगलचं अॅप. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, स्टाफरूममध्ये, एसटीत शेजारी बसलेल्या मॅडमकडून, सगळीकडून हेच प्रश्न येतात म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली. मी आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवतो. उत्तरं लिहिताना कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यापुढं ठेवल्यात, म्हणजे घरात स्मार्टफोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात. बाकी गोष्टी नंतर, पहिल्यांदा तो फोन पोराच्या हातात किती वाजता येतो ते बघायचं. ते कळलं की क्लासरूम निम्मं सोपं होतंय.

शाळा तर रोज भरते, मग आता हे ऑनलाईन कशाला चालू ठेवायचं?

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळं नाईलाजानं शिकलो आपण, आणि शाळा चालू झाल्यावर निम्म्या लोकांनी बंद करून टाकलं. पण रोज वर्ग भरतोय म्हणून रोज सगळी पोरं असतात असं कुठं आहे? कुणी जोतिबाच्या यात्रेला गेलेलं, कुणाला ताप, कुणी मामाच्या घरची भरणी म्हणून दोन दिवस नाही. अशा पोराला परत आल्यावर काय झालं ते कळायला एक जागा पाहिजे जिथं धडा, फळ्याचा फोटो, गृहपाठ सगळं तारखेप्रमाणं आहे. ऑनलाईन तास घ्यायची गरजच नाही. वर्ग वर्गातच शिकवा, क्लासरूम त्याची पाठीमागची वही समजा.

व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की, तेवढं पुरत नाही का?

निरोपाला पुरतं. "उद्या गणवेश, परवा पालकसभा" एवढ्याला ग्रुपच बरा, पालक बघतात तरी. पण गृहपाठ ग्रुपवर गोळा करायला लागला की साठ पोरांचे फोटो एकाखाली एक येतात, कुणाचं कुठलं कळत नाही, मधेच कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकतंय, आणि आपला फोन भरतो तो वेगळाच. आणखी एक गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: ग्रुपवर एका पोराचं चुकलेलं गणित सगळा वर्ग बघतो. क्लासरूममध्ये ते फक्त त्याला आणि शिक्षकाला दिसतं. जी पोरगी वर्गात तोंड उघडत नाही ती तिथं प्रायव्हेट कमेंटमध्ये विचारते, "सर तिसरी पायरी कशी आली?" हे एवढ्यासाठी तरी क्लासरूम पाहिजेच. शिवाय ग्रुपवर आईचा नाहीतर पोरीचा मोबाईल नंबर सगळ्यांना दिसतो, तो प्रश्न पण इथं येत नाही.

साध्या जीमेलवर क्लास काढू की शाळेचं वेगळं अकाउंट घ्यायचं?

एकटे सुरू करणार असाल तर साधं जीमेल चालतं, पाच मिनिटात क्लास तयार होतो. मर्यादा एवढ्याच की अशा क्लासमध्ये शिक्षक-विद्यार्थी मिळून २५० च्या वर घेता येत नाहीत (एका वर्गाला भरपूर झालं) आणि प्रत्येकाची जागा तीच नेहमीची १५ जीबी.

शाळा मनावर घेणार असेल तर गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनचा फंडामेंटल्स प्लॅन शाळांना मोफत आहे. त्याला शाळेचं स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) लागतं, म्हणजे वर्षाला थोडाफार खर्च आहे, आणि आपण मान्यताप्राप्त शाळा आहोत हे कागदपत्रांनी दाखवावं लागतं. फायदा काय, तर प्रत्येक पोराला शाळेच्या नावाचा ईमेल मिळतो, पासवर्ड विसरला तर शाळेतच बदलून देता येतो, आणि सगळ्या शाळेला मिळून १०० टीबी जागा. फक्त अॅडमिन कोण होणार ते आधी ठरवा, आणि एकाच माणसाच्या हातात सगळं ठेवू नका. अॅडमिन असलेले सर बदली होऊन गेले आणि पासवर्ड त्यांच्यासोबत गेला, असं व्हायला वेळ लागत नाही. दोन अॅडमिन ठेवा आणि रिकव्हरीचा नंबर ऑफिसच्या फोनचा द्या.

पाचवी-सहावीच्या पोरांना अकाउंट काढून द्यायचं का?

तेरा वर्षाखालच्या मुलाला स्वतःचं स्वतंत्र गुगल अकाउंट काढता येत नाही, आणि जन्मसाल खोटं टाकून काढून देणं हे शिक्षकानं तर करूच नये. शाळेचं वर्कस्पेस असेल तर पालकांची लेखी संमती घेऊन शाळा अकाउंट देऊ शकते. नसेल तर प्राथमिकच्या वर्गाला पालकांचा ग्रुप आणि दीक्षा (सरकारचं अभ्यासाचं अॅप) एवढं बास आहे, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आईच्या फोनवरनं स्कॅन करा म्हणावं.

पोरगं क्लासमध्ये यायचा कोड बरोबर टाकतंय तरी क्लास सापडत नाही म्हणतंय, काय करायचं?

दहातली नऊ वेळा फोनमध्ये वडिलांचं अकाउंट चालू असतं. पोरगं त्याच अकाउंटनं आत यायला बघतंय. शाळेच्या डोमेनचा क्लास असेल तर बाहेरच्या जीमेलला आत घेतच नाही, आणि साधा क्लास असेल तर आत येतंय पण वडिलांच्या नावानं, मग यादीत तुम्हाला पोराच्या जागी बापाचं नाव दिसतं. वर उजव्या कोपऱ्यात गोल फोटो असतो तिथं टच करून पोराचं अकाउंट जोडायचं आणि तेच निवडून मग कोड टाकायचा. हे फोनवरनं सांगून कळत नाही, पालकसभेच्या दिवशी फोन घेऊन या म्हणा आणि दारातच करून द्या. त्याच वेळी रिकव्हरी नंबर आईचा आहे का बघा, कारण वडील रिचार्जच्या स्कीमला सिम बदलत असतात आणि मग अकाउंट कायमचं अडकतं.

कोड बाहेर फिरतोय असं वाटलं तर सेटिंगमध्ये जाऊन तो रीसेट करा, सगळे आत आले की बंदच करून टाका. आत आलेल्यांना काही होत नाही.

क्लासवर्क (धडे आणि गृहपाठाचं पान) लावायचं कसं? आमचं सगळं एकाखाली एक पडलंय.

टॉपिक करा. आणि टॉपिकला पुस्तकातलंच नाव आणि नंबर द्या, "१. रेषीय समीकरणे" असं. महिन्याचं नाव देऊ नका, कारण पोरगं शोधताना महिना आठवत नाही, धडा आठवतं. प्रत्येक टॉपिकमध्ये फळ्याचे फोटो मटेरियल म्हणून, आणि गृहपाठ असाइनमेंट म्हणून. बाकी डिझाईनच्या नादाला लागू नका.

एक सांगतो, असाइनमेंटला फाईल जोडताना शेजारी छोटा पर्याय असतो, पोरांनी फाईल फक्त बघायची, की सगळ्यांनी एकाच फाईलमध्ये लिहायचं, की प्रत्येकाला वेगळी कॉपी. वर्कशीट असेल तर वेगळी कॉपीच निवडा. "सगळ्यांनी एडिट" वर राहिलं की पहिल्या पोरानं लिहिलेलं दुसरं पोरगं खोडतंय आणि संध्याकाळपर्यंत वर्कशीटचा चिवडा. आणि हा पर्याय असाइनमेंट पोस्ट करायच्या आधी बघायचा, नंतर बदलता येत नाही.

गृहपाठाची वेळ किती वाजताची ठेवावी?

यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळं इथंच अडतं.

तुम्ही फक्त तारीख टाकली की क्लासरूम स्वतःहून रात्री ११:५९ ची वेळ धरतं. शहरातल्या नोकरदार घरात ते ठीक आहे. पण शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सेकंड शिफ्ट करणारे वडील घरी येतात तेव्हा पोरगं झोपलेलं असतं, फोन त्याच्या हातात येतो तो सकाळी सातला. इचलकरंजीत यंत्रमागावर रातपाळी असेल तर उलटं, फोन दिवसभर घरात आणि संध्याकाळी जातो. करवीर, पन्हाळ्याच्या गावात पोरं सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला जातात, त्या वेळेत अभ्यास होत नाही. हुपरीत चांदीचं काम घरातच चालतं, तिथं फोन घरात असतो पण त्यावर गिऱ्हाइकाचे फोन येत असतात. म्हणजे एकाच वर्गात चार घरची चार वेळापत्रकं.

म्हणून वर्षाच्या सुरवातीला पोरांना एक साधा प्रश्न विचारा: फोन तुझ्या हातात किती ते किती असतो? कागदावर लिहून घ्या, नाव टाकून. ती यादी हजेरीच्या मस्टरमध्ये ठेवा. मग तुम्हाला दिसेल की आजचा गृहपाठ उद्या सकाळी मागण्यात अर्थ नाही. मी दोन रात्री आणि एक सकाळ मधे येईल अशी वेळ ठेवतो, म्हणजे सोमवारी दिलेलं बुधवारी सकाळी दहाला, शाळा भरायच्या आधी. रविवारची सुट्टी मधे आली तर आणखी चांगलं, कारण रविवारी बहुतेक घरात फोन मोकळा असतो. आणि वेळ संपल्यावर सबमिशन बंद करायचा जो पर्याय आहे तो चालू करू नका. उशिरा आलेल्यापुढं क्लासरूम आपोआप "लेट" लिहितं, तेवढी शिक्षा पुरे.

(मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतली पोरं असतील तर केएसए फुटबॉल लीगची मोठी मॅच कधी आहे ते पण बघून घ्या. शाहू स्टेडियमवर मॅच असलेल्या दिवशी त्या पोरांकडनं गृहपाठाची अपेक्षा करू नये आणि मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही, खेळू दे की.)

ज्या घरात स्मार्टफोनच नाही त्या पोराचं काय?

त्याला क्लासरूममुळं एकही मार्क कमी पडता कामा नये, हा नियम पहिला. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या मातीतल्या शाळेत फोन नाही म्हणून पोरगं मागं राहिलं तर आपल्याला शोभत नाही.

करायचं काय, तर जे क्लासरूमवर टाकलं ते वर्गाच्या भिंतीवर पण लावायचं, एक प्रिंट. त्या पोराचा गृहपाठ वहीतच घ्यायचा आणि तपासलेले मार्क तुम्ही स्वतः क्लासरूमच्या मार्क्स टॅबमध्ये टाकायचे, पोरानं काही अपलोड केलं नसलं तरी तिथं मार्क टाकता येतात. शाळेत कॉम्प्युटर लॅब असेल तर मधल्या सुट्टीत दोन मशीन उघडे ठेवा, पण लॅबमध्ये बसलेल्या पोराला लॉग आऊट करायला शिकवा. नाहीतर पुढचं पोरगं त्याच्याच नावानं गृहपाठ पाठवतंय. आणि "शेजारच्या मित्राच्या फोनवरनं कर" असं सरसकट सांगू नका, सगळ्यांना ते जमत नाही, मुलींना तर नाहीच.

पोरगं म्हणतंय "सर मी दिलंय", मला तर काहीच दिसत नाही.

फोटो जोडलाय पण टर्न इन दाबलं नाही. फोनच्या भाषेप्रमाणं काहींना ते "हॅन्ड इन" दिसतं. जोडणं वेगळं आणि देणं वेगळं, हे पहिल्या महिन्यात रोज सांगायला लागतं. तुमच्या बाजूला त्याच्या नावापुढं "असाइन्ड" नाहीतर "मिसिंग" दिसत असेल तर त्याच्या नावावर टच करून आत बघा, फोटो तिथं अडकलेला सापडतो. रागवायच्या आधी हे बघा, पोरगं खोटं बोलत नसतंय.

वहीचे फोटो वाचताच येत नाहीत.

तिरके, अंधारात काढलेले, त्यावर फोनचीच सावली. पोरांना तीन गोष्टी शिकवा: वही जमिनीवर ठेवायची, खिडकीकडं तोंड करून बसायचं, म्हणजे उजेड वहीवर पडतो आणि सावली मागं, आणि फोन वहीच्या बरोबर वर धरायचा. अँड्रॉईडवर गुगल ड्राईव्हच्या अॅपमध्ये स्कॅन आहे, त्यात सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये येतात आणि कागद पांढरा होतो. आठ पानांचे आठ फोटो तपासण्यापेक्षा एक पीडीएफ कधीही बरी. पेन्सिलीनं लिहिलेलं फोटोत उमटत नाही, आकृती पेन्सिलीनं चालेल पण उत्तर पेननंच.

गुगल फॉर्मवर टेस्ट घेतली, उत्तर बरोबर असून पोरांना शून्य मार्क आले. असं का?

फॉर्मला मराठी कळत नाही, त्याला फक्त अक्षराला अक्षर जुळतंय का तेवढं कळतं. तुम्ही उत्तर "कोल्हापूर" ठेवलं आणि पोरानं "कोल्हापुर" लिहिलं की चूक. पाठीमागं एक जास्तीची जागा सुटली तरी गडबड होऊ शकते. गणितात तर आणखीच: तुम्ही आन्सर की मध्ये (आधी भरून ठेवलेल्या बरोबर उत्तरात) २५ मराठी आकड्यात टाकलंय आणि पोराचा कीबोर्ड इंग्रजी आकडे उमटवतो, झालं, पंचवीस लिहूनही शून्य. पोरगं घरी जाऊन दहा वेळा गणित तपासतंय, त्याला चूक सापडत नाही, आणि आईला वाटतं यानं अभ्यास केला नाही. हे बघायला फार वाईट वाटतं.

म्हणून लहान उत्तराचा प्रश्न असेल तर उत्तराच्या की मध्ये सगळी रूपं टाका, मराठी आकडा, इंग्रजी आकडा, ऱ्हस्व, दीर्घ. फॉर्ममध्ये एका प्रश्नाला अनेक बरोबर उत्तरं देता येतात. किंवा सरळ पर्यायी प्रश्न ठेवा. आणि मार्क लगेच दाखवायचा पर्याय बंद ठेवून "नंतर तपासून" वर ठेवा, तुम्ही एकदा नजर फिरवा, मग सोडा. भूमितीचे प्रश्न टाईप करत बसू नका, कागदावर आकृती काढून फोटो जोडा, फॉर्म घेतं.

प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती लावा. एकदाच उत्तर द्यायची मर्यादा लावली तर पोराला लॉग इन करावं लागतं हे ध्यानात ठेवा, एकाच फोनवर दोन भावंडं असतील तर दुसऱ्यानं अकाउंट बदललं का ते बघायला लागतंय.

गाईडमधनं नाहीतर एआयकडनं उतरवून आणतात, कसं थांबवायचं?

प्रश्न बदला. "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय" विचारलं तर उतरवूनच आणणार. "तुमच्या दारातल्या तुळशीचं एक पान काळ्या कागदानं चार दिवस झाका, मग काय दिसलं ते लिहा आणि फोटो जोडा" असं विचारलं की फोटो त्याच्याच दारातला येतो. मराठीचे शिक्षक आजीची मुलाखत घ्यायला सांगतात, इतिहासाचे आपल्या पेठेतल्या तालमीची माहिती आणायला सांगतात, असलं काही कुठल्या गाईडात नाही. उत्तर हातानं वहीतच लिहायचं, टाईप केलेलं नको. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातलंच एक वाक्य उचलून विचारायचं, "हे तू लिहिलंस, म्हणजे काय रे?" ज्यानं केलंय ते खुशीत सांगतंय.

तपासायला वेळ कुठं आहे? साठ पोरं, चार वर्ग.

सगळं तपासू नका. आठवड्याला एका वर्गाचा एकच गृहपाठ नीट, बाकी फक्त आलंय का तेवढं. कॉम्प्युटरवर तपासत असाल तर कमेंट बँक वापरा, नेहमीच्या सूचना एकदा लिहून ठेवायच्या ("एकक लिहिलं नाही", "आकृतीला नावं द्या", "पायरी क्रमांक दोन परत बघ") आणि टाकत जायच्या. फोनवर असाल तर जीबोर्डमध्ये मराठी लावा आणि माईक दाबून बोला, बोललेलं टाईप होतंय. दोन शब्द का असेना, पण पोराचं नाव घेऊन लिहा. मार्क टाकून झाले की "रिटर्न" दाबायला विसरू नका, त्याशिवाय पोराला काहीच दिसत नाही आणि ते वाट बघत बसतंय.

स्ट्रीमवर (क्लासच्या पहिल्या पानावर) पोरं गुड मॉर्निंग आणि स्टिकर टाकत बसतात.

सेटिंगमध्ये "फक्त शिक्षकच पोस्ट आणि कमेंट करू शकतात" हे निवडा. एखादं पोरगं दुसऱ्याला काही घाण लिहीत असेल तर ते पुसून टाकण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्याला पीपल टॅबमधनं म्यूट करा, आणि पुसलेल्या पोस्ट शिक्षकाला दाखवायचा पर्याय चालू ठेवा. मग पालकांना एकटं बोलवून शांतपणे बोला, वर्गासमोर नाही. सगळं कायमचं बंद ठेवू नका पण, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कमेंट उघडी करा, पोरंच एकमेकाला उत्तरं सांगतात आणि छान सांगतात.

गुगल मीटवर (व्हिडिओ कॉलवर) ज्यादा तास घ्यायचा आहे, काय काळजी घ्यायची?

मोफतच्या साध्या अकाउंटवर तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटाला मीटिंग संपते आणि शंभरपर्यंतच माणसं. आपल्याला चाळीस मिनिटं भरपूर. लिंक ग्रुपवर उघडी टाकू नका, होस्टच्या कंट्रोलमध्ये जाऊन परवानगीशिवाय आत येणं बंद करा, पोरांचं स्क्रीन शेअर बंद करा. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती कुणावर करू नका. एका खोलीच्या घरात मागं आई स्वयंपाक करत असते, कुणी झोपलेलं असतं, ते साऱ्या वर्गाला दाखवायचं कारण काय?

पावसाळ्यात पूर आला की शाळा बंद, तेव्हा ऑनलाईन वर्ग घ्यायचा का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये लहान पोरांना पण हे आकडे पाठ असतात. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पाणी याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. त्या दिवसात चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची पोरं जनावरं सोडवून, गाठोडं बांधून दुसऱ्या गावात, नातेवाइकांकडं नाहीतर कुठल्यातरी शाळेत राहिलेली असतात. फोन चार्ज करायला लाईट नसते. त्यांना "गृहपाठ मिसिंग" असा मेसेज जाणं हे बरोबर नाही.

पाणी ३९ च्या जवळ यायला लागलं की मी दोन कामं करतो. चालू असलेल्या सगळ्या असाइनमेंटची तारीख काढून टाकायची, प्रत्येक उघडून एडिटमध्ये "नो ड्यू डेट" करायचं, मग कुणालाही मिसिंग दिसत नाही. आणि क्लासवर्कमध्ये एक क्वेश्चन टाकायचा, छोट्या उत्तराचा: "कुठं आहात, घरचे सगळे बरे आहेत का, काही पाहिजे का?" त्यात पोरांनी एकमेकाला उत्तर द्यायचा पर्याय बंद ठेवायचा. ज्याला जेव्हा रेंज मिळेल तेव्हा ते लिहितं. जे पोरगं काहीच लिहीत नाही त्याच्या घरी फोन लावायचा.

शिकवायचं नाही का? कोरड्यातल्या पोरांसाठी एखादी गोष्ट, एखादं कोडं टाका, नवीन धडा नको. नवीन धडा घेतला की पूरग्रस्त पोरगं परत आल्यावर दोन धडे मागं असतंय.

आणि पाणी ओसरल्यावर क्लासरूमचा खरा उपयोग कळतो. वह्या-पुस्तकं चिखलात गेलेली असतात. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या वेबसाईटवर फुकट मिळते, पण वही कुठं मिळणार? त्या पोरानं जून-जुलैत पाठवलेले वहीचे फोटो त्याच्या असाइनमेंटमध्ये तसेच असतात, त्याच्याच अक्षरात. त्याचे प्रिंट काढून द्या. फळ्याचे फोटो असतातच. म्हणून जूनपासूनच वहीचे फोटो घेत जा म्हणतो मी, विशेषतः नदीकाठच्या गावातल्या पोरांचे.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडं रेंजच नसते, तिथं काय?

जड काही टाकूच नका. व्हिडिओच्या ऐवजी फळ्याचा फोटो आणि त्यासोबत पाच मिनिटाचं बोललेलं रेकॉर्डिंग, ते दोन-चार एमबीत बसतं. पोरांना ड्राईव्हमध्ये "ऑफलाईन ठेवा" कसं करायचं ते शाळेत असताना दाखवा, रेंज असलेल्या जागी एकदा उतरवलं की घरी उघडतं. डोंगरावर रेंज शोधत पोरांनी अंधारात जायचं नाही, हे स्पष्ट सांगा.

मला इलेक्शनची ड्युटी लागली, क्लास कोण बघणार?

पीपल टॅबमध्ये दुसऱ्या शिक्षकाला को-टीचर म्हणून आधीच घेऊन ठेवा. ते सगळं करू शकतात, फक्त क्लास डिलीट करू शकत नाहीत. आठवडाभराचं काम शेड्यूल करून ठेवता येतं, रोज सकाळी आपोआप पडतं. बदली झाली तर जाण्याआधी क्लासची मालकी त्यांच्या नावावर करून द्या. मुख्याध्यापकांना बघायचं असेल तर त्यांनाही को-टीचर करा, रिपोर्ट मागायची वेळ येत नाही.

पालकांना प्रगती दिसायची काही सोय?

शाळेच्या वर्कस्पेस अकाउंटवर पालकांचा ईमेल जोडला तर राहिलेल्या गृहपाठाचा सारांश रोज किंवा आठवड्याला जातो. साध्या जीमेलच्या क्लासवर ती सोय नाही. पण खरं सांगायचं तर आपल्याकडचे पालक ईमेल बघत नाहीत. पोराला सांगा, रविवारी संध्याकाळी आईला स्वतःच्या अकाउंटवरची यादी उघडून दाखव, काय दिलं आणि काय राहिलं. आईला वाचता येत नसेल तर वाचून दाखव.

पोरांचे फोटो, व्हिडिओ टाकले तर चालतं का?

वहीचे चालतात. चेहऱ्याचे टाकायचे तर पालकांची संमती लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षाखालच्या प्रत्येकाला बालकच धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आधार नंबर, बँक पासबुकचे फोटो क्लासरूमवर कधीच मागवू नका, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असला तरी. पोराला कुणी ऑनलाईन त्रास देत असेल तर चाईल्ड हेल्पलाईन १०९८, पैशाची फसवणूक झाली तर सायबरचा १९३०. हे दोन नंबर क्लासच्या वरच्या पट्टीतच लिहून ठेवा.

क्लासरूमचे मार्क आकारिक (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीला चालतात का?

गृहपाठ, प्रकल्प, उपक्रम याचा पुरावा म्हणून उत्तम चालतात, तारखेसकट असतात. कॉम्प्युटरवरनं सगळे मार्क शीटमध्ये काढता येतात. पण ज्यांच्याकडं फोन नाही त्यांचे मार्क आधी भरलेत का बघा, मगच शीट काढा, नाहीतर रिकामी घरं तशीच राहतात आणि बेरीज करताना तिथं शून्य धरलं जातं.

वर्ष संपलं, आता क्लास डिलीट करू का?

डिलीट नको, अर्काईव्ह करा. अर्काईव्ह केलेला क्लास पोरांना बघता येतो, नवीन काही देता येत नाही, नववीतनं दहावीत गेलेल्याला मागच्या नोट्स लागतातच. नवीन वर्षासाठी जुन्या क्लासच्या कार्डवरच्या तीन टिंबातनं "कॉपी" करा, टॉपिक आणि असाइनमेंट सगळे ड्राफ्ट म्हणून येतात, पोरं आणि जुन्या पोस्ट येत नाहीत. मे महिन्यातच करून ठेवलं तर बरं, जूनमध्ये पुस्तकवाटप आणि प्रवेशाच्या गडबडीत वेळ मिळत नाही. कॉपी झाल्यावर पुस्तक बदललंय का बघून टॉपिक जुळवून घ्या, फळ्याच्या फोटोंवरच्या तारखा जुन्या असतील तर तसं लिहा, आणि फोन किती ते किती हातात असतो हा कागद नवीन पोरांकडनं पहिल्या आठवड्यात परत भरून घ्या, कारण वडिलांची शिफ्ट दरवर्षी तीच राहत नाही.